तायडे काकांची घरगाडी

आमच्या खामगावच्या गल्लीत सकाळी भाजीची गाडी आली की दोन भांडणं होतात. पहिलं बायकांचं, भाव कमी कर म्हणून. दुसरं तायडे काकांचं, भाव वाढव म्हणून.

"मेथी दहाले जुडी? काऊन?"

"माल लय आला काका. घ्या न."

"माल लय आला म्हणून तुही मेहनत कमी झाली काय? पंधरा वाजवी हाये. पंधरा घे."

भाजीवाली गोंधळून बघत राहते, कारण याच माणसानं आदल्या दिवशी वांगी किडकी निघाली म्हणून सगळ्यांसमोर तिचा भाव निम्म्यावर आणलेला असतो. मागं उभ्या असलेल्या बायका कपाळाला हात लावतात. काकांनी पंधरा दिले की त्यांनाही पंधराच द्यावे लागतात.

पुंडलिकराव तायडे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. अर्ध्या जिल्ह्यातल्या दुकानदारांचे तराजू त्यांनी तपासले. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात लोखंडी टेप असतो आणि तोंडात 'वाजवी' हा एकच शब्द. काकूंच्या हातचं वरण फारच छान झालं तर ते म्हणतात, "आज वाजवी झालं." याच्यापुढं स्तुती नाही. इंजेक्शन न दुखता दिलं म्हणून त्यांनी एकदा डॉक्टरला जास्तीची फी देऊ केली, तर तो बिचारा घाबरून आणखी कुठं दुखतंय का विचारत बसला. काकू सांगतात, मुलगा झाला तेव्हा नर्सनं वजन सांगितलं, तर यांनी पोराकडं बघायच्या आधी काटा वाकून बघितला.

अशा माणसानं एका सकाळी माझ्या बियाण्याच्या दुकानात येऊन सांगितलं, "गजू, मी घरगाडी घेऊन राह्यलो."

मला वाटलं घरगडी. म्हटलं, "काका, आजकाल माणूस कुठं मिळतो कामाला?"

"माणूस नाही बे. गाडी. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. घर आपल्यासंगं चालते."

शेगावच्या एका पोरानं जुनी मिनीबस घेऊन तिचं मोटरहोम केलं होतं आणि आता तो ते विकायला निघाला होता. काकांनी मोबाइलवर फोटो दाखवले. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. कोणी म्हणालं काका काश्मीरला निघाले, कोणी म्हणालं काकूंशी बिनसलं असेल. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, हॉटेलात राहा ना, कशाला हा उपद्व्याप?" काकूंचा प्रश्न सगळ्यात सरळ होता. "चांगलं सिमेंटचं घर हाये, त्याले चाकं कायले पाह्यजेत?"

 काका सगळ्यांना एवढंच म्हणाले, "आधी तपासून पाहू. मंग बोलू."

त्यांनी तपासलं ते असं. शेगावच्या पोराला फोन करून गाडीची लांबी-रुंदी विचारली, अंगणात टेप लावला आणि चुन्याच्या फक्कीनं तेवढी चौकट आखली. त्यात पलंगाची जागा, ओट्याची जागा, दार. पुढं ड्रायव्हरची सीट म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची. आणि काकूंना घेऊन ते त्या चौकटीत राहायला गेले.

मी सहज चौकशीला म्हणून गेलो आणि पलंगाजवळ जाऊन उभा राहिलो, तर काका ओरडले, "भिंतीतून काऊन आला बे? दार तिकडे हाये!"

मी मागं फिरलो, फक्कीवरून वळसा घातला, दाराशी आलो.

"पायरी उंच हाये. पाय उचल."

मी पाय उचलून आत गेलो. काकू ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या. लाटताना त्यांचं कोपर रेषेच्या बाहेर गेलं की काका म्हणायचे, "खिडकी फुटली." पोळी भाजायला वळल्या की, "फ्रीजले धक्का लागला." काकूंनी बराच वेळ सहन केलं. मग लाटणं हातात घेऊन त्या चौकटीच्या मधोमध उभ्या राहिल्या. "अवो, आता हे लाटणं कुठी लागन ते सांगू काय?"

काका मुकाट्यानं ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली कंपाउंडला रेलून बघत होती. समोरच्या म्हाताऱ्या आजीबाईंनी विचारलं, "तायडेबुवा, कुठवर पोचले?" काका गंभीरपणे म्हणाले, "थांबेल हावो सध्या." शेजारचं कुत्रं येऊन पलंगाखाली झोपलं. काकांनी त्याला दारातून बाहेर काढलं, तर ते भिंतीतून परत आत आलं.

तिसऱ्या दिवशी काकूंनीच निकाल दिला. त्या मला म्हणाल्या, "जागा कमी हाये, पण एक बरं हाये. हा माणूस समोरच दिसते. घरात तं एका खोलीत पेपर, दुसरीत मी. चाल, पाहू तरी काय हाये ते."

आम्ही शेगावला गेलो. मोठी गाडी चालवता येते म्हणून मीही सोबत. गाडीचा मालक नितीन, तिशीतला पोरगा, भाविकांना गाडी भाड्यानं द्यायची म्हणून त्यानं हौसेनं ती बांधली होती. पण गावभर लॉज असताना मिनीबसमध्ये झोपायला कोण येणार? गाडी गल्लीत उभी होती, तिच्या टपावर कोणाच्या तरी पापड-कुरड्या वाळत होत्या.

"नऊ लाख," नितीन म्हणाला.

"वाजवी बोल," काका म्हणाले आणि आत शिरले.

त्यांनी नळ सोडला, बंद केला, परत सोडला. पाण्याच्या टाकीवर बोटानं टकटक केली. ओट्याची उंची मोजली, मग काकूंची मोजली. कपाटाचं दार उघडलं तर ते हातात आलं. ते त्यांनी नितीनच्या हातात दिलं. मग चपला काढून पलंगावर आडवे झाले आणि डोळे मिटले. आम्हाला वाटलं गादी तपासताहेत. थोड्या वेळानं घोरायला लागले.

"काकाले उठवा न," नितीन कुजबुजला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "पलंग पास झाला."

उठल्यावर काकांनी दोष सांगायला सुरुवात केली. दार, बॅटरी, गळकी खिडकी, मोरीचा उलटा उतार. एकेक दोषाला नितीनचा चेहरा उतरत गेला. नऊ लाखांचे आठ झाले, सात झाले, सहा झाले. शेवटी तो पायरीवर बसला आणि रडवेला होऊन म्हणाला, "काका, माह्यं चुकलंच. घरचे तं रोज बोलतात, पैसा पाण्यात घातला म्हणून. तुम्ही पाच देजा अन् घेऊन जा."

काका एकदम लाल झाले.

"पाच? वेडा झाला काय बे? टायर नवे हायेत, ते कोण धरन? इंजिन कसं बोलते, आयकलं काय? अन् हा पलंग! माह्या घरी मले अशी झोप लागत नाही. सहा वाजवी हाये."

"पण मी पाचात द्याले तयार हावो न."

"तू तयार असशीन. मी नाही."

नितीननं माझ्याकडं बघितलं. याच्यात काहीतरी गडबड आहे, असा संशय त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तो ताठ झाला. "पाचच. एक रुपया जास्त घेनार नाही."

"सहाच. एक रुपया कमी देनार नाही."

गर्दी जमली. ज्याच्या कुरड्या टपावर होत्या तो माणूस शिडीवर चढता चढता थांबला. घेणारा कोण आणि विकणारा कोण हेच कोणाला कळेना. एक जण पुढं होऊन म्हणाला, "मले द्या पाचात." काका त्याच्यावर खेकसले, "सौदा चालू हाये! मधात बोलू नका!"

आयुष्यभर ज्यानं माप मारणाऱ्यांना पकडलं, तो माणूस स्वतःच्याच फायद्यासाठी माप मारलं जातंय म्हणून कासावीस झाला होता. निवृत्तीचा पैसा त्यांचाही मोजकाच. तरी ते सहावरून हलेनात.

शेवटी काकू खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या, "साडेपाच. अन् मले भूक लागली." काकांनी टेप खिशात ठेवला. नितीननं वाकून नमस्कार केला तो काकांना नाही, काकूंना.

पहिल्या प्रवासाला अख्खी गल्ली निरोपाला आली. आजीबाईंनी गाडीला हळद-कुंकू लावलं. काश्मीर, कन्याकुमारी, गोवा, सगळ्यांनी आपापली पैज लावली होती. मी स्टिअरिंगवर बसलो आणि विचारलं, "काका, कुठं?"

"डोणगाव."

"आपल्या मेहकरजवळचं?"

"हाव. दुसरं कुठी हाये?"

डोणगावला म्हणजे जेवून निघालं तरी चहाला परत येता येईल. मी गाडी काढली. डोणगावच्या बाजारपेठेत एका किराणा दुकानासमोर त्यांनी गाडी थांबवायला लावली. काका खाली उतरले आणि दुकानाकडं चालू लागले. त्यांना बघताच गल्ल्यावरचे पांढऱ्या केसांचे दुकानदार गुलाबराव जुन्या सवयीनं ताडकन उठले. "साहेब! काटा आत्ताच पास करून आणला! शिक्का पाहा!"

काका हातानं नाही-नाही करत होते, पण गुलाबराव वजनं काढून गल्ल्यावर ओळीनं मांडतच सुटले.

मला हसू आलं. काकू मात्र हसल्या नाहीत. शेगडीवर चहाचं भांडं ठेवता ठेवता हळू आवाजात म्हणाल्या, "नोकरीत होते तवा या मानसानं कोणाच्या घरी पानी पेलं नाही, गजू. दुकानदाराकडं चहा घेतला तं लोक म्हणतीन साहेब विकला गेला. लग्नाले नाही, बारशाले नाही. हे गुलाबभाऊ दरवेळी म्हणत, साहेब घरी चला, जेवून जा. अन् आमचे हे दरवेळी नाही म्हणत. घरी येऊन मले सांगत, आज गुलाबराव पुन्हा म्हणाला. मंग हळूहळू सगळ्यांनी म्हणनंच सोडलं. आमच्याही घरी कोनी आलं नाही."

बाहेर काकांचा आवाज आला. तो नेहमीचा निरीक्षकाचा आवाज नव्हता.

"गुलाबराव, काटा राहू द्या. मी घर घेऊन आलो. चहाले या."

गुलाबराव गाडीच्या दारात थबकले, आत वाकून बघितलं आणि जपून पलंगाच्या कडेला बसले. काकूंनी कप दिला. काका समोर उभे राहून त्यांच्या प्रत्येक घोटाकडं बघत होते.

"साखर बरोबर हाये न?"

"हाव साहेब. एकदम बरोबर."

"आनखी घ्या न. अर्धा घ्या."

गुलाबरावांनी अर्धा घेतला, मग आणखी अर्धा. कप खाली ठेवला. मग म्हणाले, "साहेब, आता तं रिटायर झाले. चला जेवाले. घर मागंच हाये."

काकांनी काकूंकडं पाहिलं. काकू पदराला हात पुसत केव्हाच उठल्या होत्या.

दुकानाच्या मागच्या घरात आम्ही गेलो. गुलाबरावांच्या बायकोनं चटई टाकली, कोणी पाट आणला, कोणी खुर्ची ओढली. काकू आणि मी बसलो. काका मात्र उंबऱ्याच्या आत चपला काढून तसेच उभे राहिले. चटई बघितली, पाट बघितला, खुर्ची बघितली.

"काय झालं साहेब?"

"नाही... कुठी बसू?" काका म्हणाले.

गुलाबरावांनी उठून त्यांचा हात धरला आणि त्यांना आपल्याजवळ चटईवर बसवलं.