तात्यांची दुनळी

छत्री विकत घेतानासुद्धा बाजीरावतात्या ती आधी खांद्याला लावून बघतात. डोळे मिटतात, छत्री उचलतात, दांड्याला गाल टेकवतात आणि मग डोळे उघडतात. टोक नाकासमोर सरळ दिसलं तर ठीक, नाहीतर "बसत न्हाई" म्हणून परत. कुदळीचे दांडे, पाण्याचे पाइप, सगळं त्यांनी असंच तपासलंय. समोर उभा असलेला माणूस दर वेळी आपसूक खाली वाकतो.

याचं मूळ त्यांच्या बारा बोरच्या दुनळी बंदुकीत. लिंबागणेशच्या बाजूला तात्यांचं आणि माझं रान लागून आहे आणि रानडुकरं दोघांचीही सारखीच वाट लावतात. पीक राखायला म्हणून तात्यांना तरुणपणीच परवाना मिळाला होता. आजवर त्यांनी एकही डुक्कर मारलेलं नाही. हवेत बार काढायचा, कळप पळवायचा, संपलं. कोणी टोमणा मारला तर म्हणतात, "डुकराला धाक पायजे. त्याचा जीव घेऊन मी काय करू?"

शाळेतून निवृत्त होऊन मी शेतावर राहायला आलो आणि परवान्याच्या मागे लागलो. कचेरीच्या पायऱ्या झिजवून तो एकदाचा हाती आला. आता बंदूक निवडायला तात्यांशिवाय कोणाला नेणार? मोटारसायकलवर मागे बसून त्यांनी वाटभर मला शिकवलं. "गुरुजी, दुकानात गोळी म्हनू नका. काडतूस म्हना. लाज जाती."

"घराला होईल आणि शिकारीलाही चालेल अशी दाखवा," मी दुकानात रुबाबात म्हणालो.

तात्यांनी माझा दंड दाबला. "शिकारीचं नाव काढू नका. तितराचं पीस घावलं तरी जंगलवाले दारात येत्यात."

काडतुसं त्यांनी चटकन निवडली. "घराला बारीक छर्रा. मोठा घेतला तर पत्रा फोडून शेजारच्या म्हशीला लागायचा. रानातबी त्योच चालंल, आवाज सारखाच ऱ्हातो."

बंदुकीचं मात्र काही जमेना. पहिली जड. दुसरीचा दस्ता आखूड. एकनळीवर तर त्यांचा भरोसाच नाही. "पयला बार फुसका गेला तर डुक्कर थांबतंय व्हय?" पाचवी मी स्वतः उचलली, डोळे मिटून खांद्याला लावली, उघडले. अगदी सरळ.

"ही बसली, तात्या."

तात्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली. "चाप लई हलका हाय," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात दुकानदार बोलून गेला, "तात्या, तुमची कधी आणताय जमा करायला?"

तात्या "च्या घेऊन येतो" म्हणून बाहेर पडले. मग दुकानदाराकडून मला कळलं. नजर अधू झाली म्हणून डॉक्टरांनी दाखला दिला नाही, परवान्याचं नूतनीकरण अडलं. आता दुनळी एखाद्या परवानेवाल्याला विकायची, नाहीतर जमा करायची. मुदत महिनाअखेरपर्यंत.

मला माझीच लाज वाटली. सकाळपासून हा माणूस प्रत्येक बंदुकीला नावं ठेवत होता आणि मला वाटत होतं, स्वभावच चिकित्सक.

बाहेर टपरीवर ते चहा न पिता बसले होते. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"गळ्यात बांधल्यावानी झालं असतं."

मग आपणच बोलू लागले. "हुरड्याच्या दिसात रानातून निगताना मी एक बार काढायचो. डुकरं पळायची, आन् घरी आमच्या मंडळीला, सरूला कळायचं, मी निगालो. ती तवा ठिवायची. पोचेस्तवर भाकर तयार. ती गेल्यापासून चूल गारच ऱ्हाती, पर बार काढल्याबिगर पाय निगत न्हाई. म्हनलं, बंदूक जवळपास कुनाकडं ऱ्हायली तर निदान ऐकू तरी येईल."

दुनळी मी घेतली. कागदपत्रं रीतसर झाली.

ज्वारी हुरड्यात आली. दिवस मावळताना मी ठरल्याप्रमाणे पहिल्यांदा बार काढला आणि घराकडे निघालो. तात्यांचं घर वाटेवरच आहे. ते दारात उभे होते.

"हात धुवा, गुरुजी."

आत ताट वाढलेलं. भाकरी जाड, कडा फाटलेल्या, एका अंगाला करपलेली. घरी माझी बायको वाट बघत होती, तरी मी बसलो.

"बार लई उशिरा काढला," तात्या म्हणाले.

"बांधावर गप्पा मारत बसलो जरा."

"दोनदा तवा उतरवला. आवाज येस्तवर जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई हो." त्यांनी माझ्या ताटात मीठ वाढलं. "तिलाबी रोज असंच व्हत असंल. कदी बोलली न्हाई. आन् मीबी कदी इचारलं न्हाई."