भोपळ्याच्या मुलुखास जाळीचा कोट घातला त्याची हकीकत

वेलीमातेस आणि तिच्या पिवळ्या फुलांस दंडवत घालून, जे डोळां पाहिले तेच लिहितो, पदरचे तिखटमीठ नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष मासी आरंभ. कोणे एके देशी, नाव सांगावयाचे कारण नाही, बारा वाफ्यांचा मुलूख आणि त्याचे धनी श्रीमंत बाळोजीराव. राणीसाहेब ठकूबाई गेल्या श्रावणात कैलासवासी जाहल्या. त्यांनी माहेराहून आणिलेले तांबड्या भोपळ्याचे बी सरत सरत आठ दाणे उरले होते, ते आठही श्रीमंतांनी पेरिले. यंदा फळ न धरते तर राणीसाहेबांचे वाण कायमचे बुडाले. आणि भुंगेरे पानांची चाळण करितात म्हणून दरसालाप्रमाणे जाळीच्या कापडाचा कोट उभारिला, कडा मातीने बुजविल्या आणि मिशीस पीळ देऊन बोलिले, "आता मुंगी शिरली तर बाळोजी नाव लावणार नाही!" मग वेल मातले, फाल्गुनात फुले आली, फुलांमागे सुपारीएवढे भोपळे दिसले, आणि तिसरे दिवशी पिवळे पडून गळाले. श्रीमंत बोलिले, "आत फितुरी आहे." मग पान न् पान उलटून पाहिले, किडा एक नाही. मग काय करावे? कडेस माती आणखी चढविली! धन्य ते शहाणपण. घरात विचारावयास कोणी नाही, एक ताट, एक वाटी आणि भिंतीशी बोलणे, असा दरबार जाहला होता.

मग शेजारच्या कोंडाबाई बांधावरून जाता जाता थबकल्या, कपाळास हात लाविला आणि म्हणाल्या, "अवो भावजी, फुलं आली तरी जाळी बंदच? मधमाशी आत जाणार कशी? तिच्याबिगर भोपळा धरतोय व्हय? ठकूवैनी रोज दिस उगवायला जाळी वर करायच्या, भुंगेरं हातानं येचायच्या आन फुलं मिटली की पुन्हा खाली सोडायच्या." श्रीमंत बोलिले, "आम्हांस कधी बोलल्या नाहीत." कोंडाबाई म्हणाल्या, "तुमी इचारलं कवा? तुमी तवा पूजेत घंटी वाजवीत बसलेलं असायचा." चाळीस वर्षांचा संसार, आणि आपला कोट रोज सकाळी कोण उघडते हे ठाऊक नाही! आम्ही जवळच होतो, खोटे कशास लिहावे.

दुसरे दिवशी पूजा राहिली. उगवतीस जाळी वर केली आणि साबणाच्या पाण्याचे भांडे घेऊन श्रीमंत एकटे वेलांत बसले. भुंगेरा दिसला की पाण्यात, आणि मधमाशी आली की हात आवरून स्वस्थ. असे अकरा दिवस गेले, आणि बारावे दिवशी एक भोपळा गळाला नाही, मुठीएवढा जाहला. श्रीमंत आनंदे उठले आणि घराकडे तोंड करून हाक मारिली, "अगं ऐकलंस का, धरला!" मग वळून भोपळ्याखाली वाळले गवत सारिले.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. ज्येष्ठात भोपळा पिकला, मूठभर बी निघाले, राखेत घोळून डब्यात ठेविले, वाण राहिले. भाजी मात्र एकट्यास सरेना, चार दिवस तीच खाल्ली.