आठव्या मिनिटाचा प्रेक्षक

कोणत्याही कलेला एक करणारा लागतो आणि एक बघणारा लागतो. यांपैकी करणाऱ्याची सोय समाजाने इतकी चोख लावली आहे की बघणाऱ्यासाठी जागाच उरलेली नाही. ही प्रगतीच म्हणायची. (कुणाची निंदा करायची नाही, असा माझा रोजचा नेम आहे. तेव्हा पुढे जे येईल ते सगळं कौतुकच समजावं.)

माझी भाची बिट्टी माध्यम महाविद्यालयात चित्रपट करायला शिकते. महाविद्यालय फार शिस्तीचं. पहिल्या वर्षी कॅमेऱ्याला हात लावू देत नाहीत, कारण आधी दृष्टी तयार व्हावी लागते. दुसऱ्या वर्षी दृष्टी तयार झालेली असते, पण कॅमेरा दुरुस्तीला गेलेला असतो. तिसऱ्या वर्षी कॅमेरा परत येतो, तोवर मुलांनी फोनवरच चार-चार फिल्म उरकलेल्या असतात. वर्गात बत्तीस विद्यार्थी. त्यांत एकतीस दिग्दर्शक आणि एक कॅमेरामन. त्यालाही व्हायचंय दिग्दर्शकच, पण तूर्त त्याची वडील मंडळी कॅमेरा घेऊन देऊन चुकली आहेत. साथीच्या दिवसांत डॉक्टर जसा भाव खातो, तसा हा मुलगा तिसऱ्या वर्षी वर्षभर भाव खातो.

शिक्षणाचा घरावर परिणाम होतोच. संध्याकाळी ताईने दिवा लावला की बिट्टी ओरडते, "आई, घालव तो! काय सुंदर नैसर्गिक प्रकाश आहे!" मग आम्ही सगळे नैसर्गिक प्रकाशात चाचपडत चहा पितो. एकदा दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून ती वडिलांकडे एक डोळा मिटून बघत बसली होती. भाऊजी म्हणाले, "आत्तापासून चौकटीत घालू नकोस, बाई. अजून भिंतीवर लागलो नाही मी."

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं लोकांना वर पोचवून स्वतः तळमजल्यावर राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले.

तर शेवटच्या वर्षी प्रत्येकाने नऊ मिनिटांची एक फिल्म करायची असते. ती मंजूर झाली तर पदविका मिळते. इतर एकतीस जणांनी एकाकीपणा हा विषय घेतला. (त्यांपैकी सव्वीस जणांनी तो गच्चीवर चित्रित केला. गच्चीवर जायला रांग लागायची.) बिट्टीने बटण घेतलं.

त्याचं असं झालं. ताईच्या बोटांचे सांधे गेल्या वर्षापासून आखडलेत. सुई धरवत नाही. भाऊजींच्या पांढऱ्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलं, तेव्हा तिने तो शर्ट गुपचूप कपाटात तळाशी घालून ठेवला. भाऊजींनी तो गुपचूप काढला आणि दुपारी खिडकीशी बसून आयुष्यात पहिल्यांदा सुईत दोरा ओवायला घेतला. बिट्टीने दारातून पाहिलं. एवढीच फिल्म.

"एवढीच?" असं आजवर सगळ्यांनी विचारलेलं आहे.

बिट्टी कॅमेरा मिळवून येईपर्यंत बटण लागून गेलं होतं, म्हणून फिल्मसाठी ते पुन्हा तोडण्यात आलं. कॅमेरा लागला, सगळे गप्प झाले, आणि भाऊजींनी पहिल्याच फटक्यात दोरा ओवला.

"कट! बाबा, इतक्या लवकर नाही जायचा दोरा. यात संघर्ष कुठे आहे?"

"संघर्ष हवा होय? मग दोरा कशाला? तुझ्या आईशी बोलतो की दोन मिनिटं."

"ऐकते आहे मी," ताई आतून म्हणाली.

शेवटी बारीक नेढ्याची सुई आणली, भाऊजींचा चष्मा काढून घेतला, आणि संघर्ष आपोआप झाला. तो बराच वेळ चालला. मध्येच भाऊजी आपण फिल्ममध्ये आहोत हे विसरले. सुईवर चिडले, दोऱ्यावर चिडले, मग कुणावरच चिडले नाहीत. फिल्ममध्ये सातव्या मिनिटाला दोरा आत जातो. आणि आठव्या मिनिटाला जे होतं, ते बिट्टीने ठरवलेलं नव्हतं, भाऊजींनीही नव्हतं. त्या एका मिनिटासाठी बाकीची आठ आहेत.

आता अडचण बघा.

गेल्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी महाविद्यालयात एक साधा प्रश्न विचारला होता: "या फिल्म कुणी पाहिल्यात?" प्राचार्यांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं, विभागप्रमुखांनी विद्यार्थ्यांकडे, विद्यार्थ्यांनी फोनकडे. दालनात प्रत्येक फिल्म लागली होती हे खरं. पण एकाची लागली की बाकीचे एकतीस आपली कधी लागते याची वाट बघत बसलेले असत, आणि फार तर कुजबुजत, "इथे मी कट केलं असतं." लगेच समिती नेमली गेली. समितीने चार बैठका घेतल्या, बैठकांवर एक माहितीपट केला (तो समितीखेरीज कुणी पाहिलेला नाही), आणि नियम काढला. नियम असा की प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेला एक प्रेक्षक सोबत आणावा. प्रेक्षक म्हणजे अशी व्यक्ती, की जी (अ) विद्यार्थ्याची नातलग नाही, (आ) स्वतः काही बनवत नाही, (इ) फिल्म संपेपर्यंत जागी असते, आणि (ई) त्या काळात फोनला हात लावत नाही. परीक्षक विद्यार्थ्याला काहीच विचारणार नाहीत. ते प्रेक्षकाला एकच प्रश्न विचारतील: अमुक मिनिटाला काय झालं?

बिट्टीच्या फिल्मसाठी परीक्षकांनी आठवं मिनिट नेमून दिलं आहे.

नियम ऐकून आम्ही घरात हसलो होतो. शहरात माणसांना काय तोटा! भाऊजी म्हणाले, "एक सोडून दहा आणतो."

पहिल्या आल्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी. हौसेने आल्या, पुढच्या खुर्चीवर बसल्या आणि बसल्या बसल्या फोन समोर टेकवून स्वतःलाच चित्रित करू लागल्या.

"वहिनी, हे काय?"

"प्रतिक्रिया गं! मी तुझी फिल्म बघताना कशी दिसते, ते लोकांना बघायचं असतं."

चौकशीअंती कळलं की वहिनी झाडांना पाणी घालतानाचे व्हिडिओ टाकतात आणि त्यांना महाविद्यालयापेक्षा जास्त प्रेक्षक आहेत. कलम (आ) आणि (ई), दोन्हींत एकदम बाद. जाताना म्हणाल्या, "फिल्म छान आहे हं. जरा गाणं टाक खाली."

मग भाऊजींच्या कामावरचे जुने सोबती आले. आम्ही त्यांना काका म्हणतो. यांच्याकडे फोनच नाही, त्यामुळे आमच्या आशा पालवल्या. तिसऱ्या मिनिटाला त्यांची मान छातीवर आली. बिट्टीने फिल्म थांबवली, तशी ते दचकून उठले आणि मनापासून टाळ्या वाजवू लागले.

"वा, पोरी! शेवट फार आवडला."

"काका, शेवट अजून झाला नाही."

"नाही? मग ठेव तो. राहू दे तसाच."

यानंतर बिट्टीने शास्त्रीय विचार केला. मधे उठू शकत नाही असा माणूस कुठे असतो? दाताच्या डॉक्टरांकडे! डॉक्टर भले गृहस्थ, त्यांनी खुर्चीवरच्या पडद्यावर फिल्म लावू दिली. पेशंट उताणा, तोंड उघडं, फोन बाहेर बायकोपाशी. सातव्या मिनिटाला त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बिट्टी कोपऱ्यात उभी राहून स्वतःही रडू लागली. इतकी दाद तिला आजवर मिळाली नव्हती. नंतर डॉक्टरांनी खुलासा केला की सातव्या मिनिटाला दाढ निघाली. आठव्या मिनिटाला पेशंटचे डोळे मिटलेले होते.

अशी टंचाई दिसली की बाजार गप्प बसत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी प्रेक्षक पुरवण्याची संस्था काढली. नुसता बसलेला प्रेक्षक, पुढे झुकून बघणारा प्रेक्षक आणि डोळे टिपणारा प्रेक्षक, असे तीन दर होते. (रुमाल वेगळा.) पण समितीने निर्णय दिला की मोबदला घेणारा प्रेक्षक हा फिल्मच्या चमूचाच भाग होतो, म्हणून तो असंबंधित राहत नाही. संस्था बंद पडली. या प्रकरणावर त्या मुलांनी केलेली फिल्म सध्या प्रेक्षकाच्या शोधात आहे.

मग महाविद्यालयाने समस्येच्या मुळाशी जायचं ठरवलं आणि प्रेक्षक होण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. दोन वर्षं, मर्यादित जागा. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांनी निवेदन दिलं की नुसतं बघून काय शिकणार, प्रात्यक्षिक हवं. ते रास्तच होतं. आता तेही फिल्म करतात. गच्चीवरची रांग खालच्या मजल्यापर्यंत आली आहे.

हे सगळं मी मजेने सांगते आहे, पण घरात मजा कमी झाली आहे. माहितीपट करणाऱ्या एका बाईंनी बिट्टीला शब्द दिलाय, "पदविका घेऊन ये आणि सोमवारपासून लाग कामाला." काम म्हणजे मायक्रोफोनची लांब काठी डोक्यावर धरून उभं राहायचं. बिट्टी खराट्याला पायमोजा बांधून रोज सकाळी सराव करते. हात भरून आले तरी खाली घेत नाही. आणि दुसरीकडे भाऊजींच्या मित्राचं फरश्यांचं दुकान आहे. यंदा पदविका हुकली तर तिथे गल्ल्यामागे बसायचं, असं बाप-लेकीत ठरलेलं आहे. मित्राने खुर्ची पुसून ठेवली आहे. माणूस चांगला आहे. फरश्याही चांगल्या आहेत.

परवा जेवताना बिट्टीने ताट बाजूला सारलं. "मावशी, खरं सांग. फिल्म वाईट झालीये का?"

मी काही बोलायच्या आत भाऊजी म्हणाले, "वाईट असती तर लोकांनी शेवटपर्यंत बघितली असती."

"मला विचाराल तर," ताई म्हणाली.

"तुला कोण विचारणार? तू कलम (अ)मध्ये अडकतेस," भाऊजी म्हणाले.

"अडकते तर अडकते. मी रोज बघते ती. आणि रोज त्या आठव्या मिनिटाला..."

"आई, नको!" बिट्टीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "कुणी ऐकलं तर ती कॉपी होईल."

भाऊजींनी मान खाली घालून शर्टाकडे पाहिलं. वरून दुसरं बटण अजून आहे. पांढऱ्या शर्टावर काळ्या दोऱ्याने लावलेलं, जरा तिरकं. ताईने नंतर एकदा ते कुणाकडून तरी नीट लावून घेऊ या असं सुचवलं होतं. भाऊजींनी ऐकलं नाही.

मीही फिल्म पुष्कळदा पाहिली आहे, पण मी मावशी पडले. मग काल सकाळी मला सुचलं की आपल्याला लिहिता येतं, तर लिहून बघावं. हा मजकूर वाचायला साधारण तेवढाच वेळ लागतो, जेवढी ती फिल्म आहे. यात मारामारी नाही, गाणं नाही, गच्चीही जवळजवळ नाही. तरीसुद्धा जो माणूस इथपर्यंत येईल, तोच आम्हाला हवा असलेला माणूस.

म्हणजे तुम्ही.

तुम्ही आमचे कुणी लागत नाही. जागे आहात, हे दिसतंच आहे. स्वतः काही बनवत नसाल अशी आशा आहे. (सुट्टीत केलेला तो एक व्हिडिओ आम्ही धरत नाही.) आणि दाढेच्या गोष्टीपाशी तुम्ही एकदा फोन पाहिलात, पण कुणाची निंदा करायची नाही असा माझा नेम आहे, हे मी सुरुवातीलाच सांगितलं.

तर शुक्रवारी दुपारी चारला. महाविद्यालयाचं दालन, पहिली रांग. शुक्रवारी चारला या शहरात दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर तुम्ही येऊन बसलात, तर त्या दुकानातल्या खुर्चीवर बिट्टीला बसावं लागणार नाही. नऊ मिनिटांचं काम. नंतर चहा आमच्याकडे, दिवा लावून.

येताय ना?

काय म्हणालात? लिंक पाठवू?