मधला हुक

आमच्या मिरजगावात एखाद्या बाईच्या ब्लाउजला सेफ्टी पिन दिसली, तर तिला कुणी गबाळी म्हणत नाही. तिचं शकिलाभाभींकडे काहीतरी राहिलंय, एवढंच समजतात.

शकिलाभाभी गावातल्या लेडीज टेलर. बाजारतळाच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान आहे, दाराला फुलाफुलांचा पडदा. त्या ब्लाउज शिवतात पाच हुकांचा आणि देतात चार हुकांचा. वरचा असतो, खालचा असतो, नेमका मधला नसतो. नवीन गिऱ्हाईक म्हणतं, "भाभी, एक हुक ऱ्हायला."

भाभी दातातली सुई न काढता सांगतात, "ऱ्हायला न्हाई, ठिवलाय. घरी जा, आरशापुढं हुबी ऱ्हा. तीन बोटं सपाट ठिवून दोनी बाजू गोल गोल चाचप, काखंत बी बघ. गाठ लागली का न्हाई त्ये येऊन सांग. मग हुक."

"अगंबाई! कायतरीच काय!"

"बघून कोन मेलंय?"

हे त्यांचं पालुपद. बघून कोन मेलंय? बाई लाजते, चिडते, पिन लावून आठवडाभर हिंडते. पण मधला हुक नसलेला ब्लाउज म्हणजे काय, हे ज्यांनी घातलाय त्यांनाच ठाऊक. शेवटी बाई येते. नुसतं "बघितलं" म्हणून चालत नाही. भाभी उलटतपासणी घेतात. "काखंत बघितलं? कोन्त्या हातानं? आन् दुसऱ्या बाजूला तोच हात लावला? मग हात बदलायचा व्हता. जा परत."

मुख्याध्यापकांच्या बायकोने एकदा वैतागून कर्जतला ब्लाउज टाकला. तो खांद्यातून असा काही उतरला की बाई दोन महिन्यांत पुन्हा भाभींच्या पडद्याआड हात वर करून उभ्या. त्या वेळी भाभींनी दोन हुक ठेवून घेतले.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी पत्रकांवर वाढले. वडील झाडून सगळ्या चळवळींची पत्रकं लिहायचे. आमच्या घरी मिरचीच्या डब्याखाली निषेध अंथरलेला असायचा आणि भांड्यांच्या फळीवर जाहीर आवाहन. माझं नाव क्रांती. एवढं सांगितल्यावर बाकीचं बालपण सांगायची गरज नाही.

दोन वर्षांपूर्वी मी स्तनांच्या कर्करोगावर पत्रक काढलं. पहिलं वाक्य होतं, "भगिनींनो, लाज ही या व्यवस्थेने तुमच्या अंगावर चढवलेली बेडी आहे!" बाजारच्या दिवशी उन्हात उभी राहून मी ते वाटलं. बायकांनी शीर्षक वाचलं, पत्रकाची चार वेळा घडी घातली आणि पिशवीत मेथीच्या जुडीखाली सारलं. उरलेला गठ्ठा मी भाभींच्या दुकानात ठेवायला दिला. आठवड्याने गेले, तर त्यांनी त्या कागदांचे ब्लाउजचे साचे कापलेले! पाठीवर माझं अर्धं आवाहन, बाहीवर तपासणीची लक्षणं. एका कटोरीवर "लाज ही", दुसऱ्या कटोरीवर "बेडी आहे".

मी भडकले. भाभी शांतपणे कैची चालवत म्हणाल्या, "कागद लई बेस हाय तुजा, किरांती. आन् चिडती कशापायी? तुजं पत्रक एका बी बाईनं छातीला लावलं न्हाई, म्या लावलं."

मग त्यांनी कैची ठेवली. "तू बघितलंस का?"

"काय?"

"पत्रकात लिव्हलंय त्ये."

मी खिडकीबाहेर पाहिलं. व्यवस्था, बेडी, शासनाची उदासीनता या सगळ्यावर मी लिहिलं होतं. स्वतः आरशापुढे उभी राहिले नव्हते. त्या आठवड्यात माझा सलवार-कुर्ता शिवून आला. कुर्त्याला हुक नसतात, या विचाराने मी निर्धास्त होते. घरी जाऊन पाहिलं, तर सलवारीत नाडी नव्हती. नेफ्याची दोन्ही तोंडं शिवून टाकलेली.

नाडी दुसऱ्या दिवशी मिळाली.

दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीला जाणाऱ्या बायका घोळक्याने ब्लाउज टाकतात. त्यांना परत यायला वेळ नसतो. तेव्हा भाभी दुकानाच्या मागच्या खोलीत आरसा टांगतात आणि एकेकीला आत पाठवतात. बाहेर बसलेल्या ओरडतात, "ये, आत झोपली का काय?" आतून उत्तर येतं, "दोनी बाजू बगू का न्हाई?" असा गोंधळ माझ्या कुठल्याच पत्रकाने केला नाही.

गेल्या वर्षी एका मंडळाने महिला आरोग्य जागृती मेळावा घेतला. फलकावर अकरा फोटो, अकराच्या अकरा पुरुष. प्रमुख पाहुणे अर्धा तास बोलले आणि आजाराचं नाव काही त्यांच्या तोंडून निघेना. "तो विषय", "ती बाब", "तसला त्रास". मी उठून घोषणा देणार, तेवढ्यात भाभींनी माझा कुर्ता धरून मला खाली बसवलं. स्वतः उठल्या, व्यासपीठावर गेल्या, माइक हातात घेतला. "सायबांना अवघड जातंय, म्या सांगते. छातीतली गाठ. हां, सांगितलं. मेलं का कोन?" बायकांची बाजू पदरात तोंड खुपसून हसली. अकरा जण चहा कधी येतोय ते पाहू लागले. पुढचा पाऊण तास माइक भाभींकडून परत मिळाला नाही.

हे सगळं गमतीचं. पण "भाभी, काहीतरी लागतंय" असं म्हणत एखादी आली, की त्यांची थट्टा बंद. मशिनवर कापड टाकायचं, दुकानाला कुलूप लावायचं आणि तिला घेऊन नगरची गाडी धरायची. तपासणीच्या खोलीत बाई आत, भाभी बाहेर बाकावर, तिची पिशवी मांडीवर. अशा सात-आठ जणींच्या पिशव्या त्यांनी धरल्या असतील. बहुतेकींचं काही निघालं नाही. सुमनकाकूंचं निघालं, पण वेळेत. आज त्या बाजारात कांदे विकतात. त्यांच्या ब्लाउजला एका बाजूने आतून कापसाची कटोरी आहे, भाभींनी शिवलेली. "कुनाच्या बापाला कळायचं न्हाई," अशी भाभींची हमी. ती खरीही होती, पण सुमनकाकू स्वतःच कांदे तोलता तोलता सगळ्या बाजाराला सांगतात.

यंदा त्याच मंडळाने भाभींचा सत्कार ठरवला. आणि माइक न सोडणाऱ्या भाभींनी चक्क नकार दिला. "माजं ऱ्हाऊ द्या औंदा." मला हे तत्त्वतः मान्य नव्हतं. मी दुकानात जाऊन भाषण सुरू केलं. "भाभी, हा प्रश्न तुमच्या शालीचा नाही! तुम्ही नाही म्हणालात, तर ते त्या अकरातल्याच कुणाला तरी शाल घालतील. काम बाईचं आणि मान..."

भाभी वरच्या फळीवरचा अस्तराचा तागा काढत होत्या. हात वर गेला, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, खांद्यावरचा घसरला. मधल्या हुकाच्या जागी सेफ्टी पिन होती.

माझं भाषण तिथेच थांबलं. मिरजगावात त्या पिनेचा अर्थ कुणालाही सांगावा लागत नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

त्यांनी पदर ओढून घेतला. "रमजानच्या आधीपास्नं."

"म्हणजे तुम्ही स्वतः बघितलंच नाही?"

"बघितलं की. दर महिन्याला बघते. उजवीकडं लागतंय. हरबऱ्याएवढं."

"मग दाखवलं का नाही? आणि बघितलं होतं, तर हुक लावून टाकायचा. कुणाला कळलं असतं?"

भाभींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी चोरलं असावं. "सापडलं तर डॉक्टरला दावल्याबिगर हुक न्हाई. नियम हाय माजा. दुसऱ्यास्नी येक आन् मला येक?"

"बघून कोण मेलंय, तुम्हीच म्हणता ना?"

"म्हनायला काय जातंय." त्यांनी तागा उलगडला, परत गुंडाळला. "जिला म्हाईत न्हाई ती जाती बिनघोर. मला समदं म्हाईत हाय, किरांती. आतलं मशीन कसं असतंय, बाहेर येताना बाईचं त्वांड कसं असतंय. पोरगा चाकणला, सून पोटुशी, त्यांच्या जिवाला कुठं घोर लावायचा?" मग खूप हळू म्हणाल्या, "आन् आत गेल्यावर पिशवी कुनाकडं द्यायची?"

व्यवस्थेवर मला कधीही काहीही बोलता येतं. या प्रश्नावर मला फक्त एवढंच सुचलं, "माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी धरली. पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं, कंडक्टर "नगर, नगर" ओरडत होता. भाभी खिडकीशी बसल्या. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. निम्म्या वाटेत, न विचारताच बोलू लागल्या. "लई वर्सं झाली. येक बाई यायची माज्याकडं. म्हनायची, भाभी, येका बाजूनं तटतटतंय, जरा सैल करा. म्या केलं. सा महिन्यांनी परत आली, परत केलं. तीनदा उसवलं बघ. येका बाजूलाच का तटतटतंय, ह्ये इचारायचं सुचलंच न्हाई. चौथ्यांदा आली न्हाई ती." त्या बाहेर बघत होत्या. "बाई डॉक्टरम्होरं हात वर करत न्हाई, माज्याम्होरं करती. आन् म्या काय केलं, शिलाई सोडली."

 

दवाखान्यात भाभींचं नाव पुकारलं. त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, मला जमेल का याचा अंदाज घेतला आणि आत गेल्या. मी त्या बाकावर बसले. इतक्या जणींसाठी त्या इथे कशा बसल्या असतील, ते तेव्हा कळलं. दारावरचा दिवा बघत बसायचं, दुसरं कामच नसतं. पिशवीचे बंद मी पिळून पिळून दोरखंड केले.

पाऊण तासाने आतून भाभींचा आवाज आला. चढा. "डॉक्टरीनबाई, वाईट वाटून घिऊ नका, पन तुमचा खांदा उतरलाय. कोन शिवतंय तुमाला?"

मी बाकावरच डोळे मिटले. वाईट बातमी ऐकलेली बाई खांद्याची चूक काढत नाही.

डॉक्टर हसत दारापर्यंत आल्या. साधी पाण्याची गाठ होती. घाबरायचं काही नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, म्हणाल्या. भाभी बाकावर टेकल्या. मग पिशवीत हात घालून त्यांनी एक कागदाची पुडी काढली. माझंच पत्रक. आत हुक, सुई आणि ओवलेला दोरा.

"लाव," त्या म्हणाल्या.

"मी? मला येत नाही, भाभी."

"समद्यांचे म्या लावते. माजा तू लाव."

पदराचा आडोसा करून मी पिन काढली आणि जन्मात पहिल्यांदा हुक लावला. दोनदा सुई बोटात गेली. भाभींनी मान खाली घालून माझं काम पाहिलं. धाग्याएवढी चूक दिसली तर अख्खा ब्लाउज उसवणारी बाई.

"वाकडा लावलास."

"उसवते." मी दोरा तोडायला वाकले.

त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पदर सारखा केला. "ऱ्हाऊ दे. धरलंय त्यानं."

परतीच्या गाडीत त्यांना झोप लागली. तोंड उघडं, डोकं माझ्या खांद्यावर. मिरजगावच्या थांब्यावर कंडक्टरने घंटी मारली तशा त्या दचकून उठल्या आणि सवयीने पिशवीकडे हात केला.

"असू द्या, भाभी. मी धरते."

एरवी त्यांनी वाद घातला असता.

"धर," म्हणाल्या, आणि मोकळ्या हातांनी गाडीतून उतरल्या.