पोळं, भाग दुसरा

एका जंगलात, मुलांनो, कुठलाही चांगला अल्बम एकटा आलेला चालत नसे.

त्या जंगलात रॉक संगीताचं फार वेड होतं. त्यातही प्रोग्रेसिव्ह रॉकचं. प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय, तर ठेका धरायला तुम्ही पाय उचलता, तोवर ठेका बदललेला असतो. या संगीतावर नीट नाचता येईल असा एकच जीव तिथे होता. गोम. तिच्याकडे पुरेसे पाय होते.

मेटल म्हणजेही जवळजवळ तेच. फक्त रागावून.

तर नियम असा होता की अल्बम काढायचा तो जोडीने. पहिला भाग आणि दुसरा भाग. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर. किंवा पहिल्यात उजेड, दुसऱ्यात अंधार. बेडकांच्या बँडचे ‘डबकं’ आणि ‘डबक्यापलीकडे’ पुष्कळांना पाठ होते. रानडुकरांनी आधी ‘चिखल’ काढला आणि मग ‘आणखी चिखल’. मोराने ‘पिसारा’ काढला आणि पिसं झडल्यावर, जरा हळू आवाजात, ‘पिसाऱ्यानंतर’.

संध्याकाळी पाणवठ्यावर याच गप्पा चालत.

“तुझी आवडती जोडी कोणती रे?”

“‘चिखल’ आणि ‘आणखी चिखल’.”

“त्यातला कोणता जास्त?”

“दुसरा.”

दुसराच म्हणायचं असतं. पहिला आवडतो म्हटलं की सगळे समजतात, हा कालपासून ऐकायला लागलाय.

या जंगलात टेप नव्हते आणि मोबाइलही नव्हते. एक कोतवाल पक्षी होता. काळा, लांब शेपटीचा. तो एकदा ऐकलेला आवाज हुबेहूब काढायचा. अल्बम तयार झाला की तो कोतवालासमोर वाजवायचा, म्हणजे रेकॉर्डिंग झालं. मग ज्याला ऐकायचा असेल त्याने कोतवालाकडे जाऊन मागायचा. पण कोतवालाचं डोकं होतं केवढंसं. त्यामुळे जे कुणीच मागत नाही, ते तो अमावास्येपर्यंत सांभाळायचा आणि मग विसरून जायचा. एकदा विसरला की कायमचं.

याच जंगलात कोंडाजी नावाचं एक अस्वल होतं. पोकळ खोडावर ताणलेल्या वेली नखांनी छेडत तो गायचा. त्याच्या आवाजात जन्मतःच मेटल होतं. ठेक्याला त्याचा मित्र नथू असे. नथू म्हणजे सुतारपक्षी.

कोंडाजीने उन्हाळाभर खपून एक अल्बम रचला. नाव ‘पोळं’. त्यातल्या सगळ्या गाण्यांची मिळून एकच गोष्ट होती. एका अस्वलाला उंच झाडावर मधाचं पोळं दिसतं. ते दिवसभर त्या पोळ्याकडे बघतं. शेवटच्या गाण्यात ते पोळं न खाताच घरी जातं.

चौथ्या गाण्यात मध्येच सगळं थांबायचं. वेली गप्प, कोंडाजी गप्प. मग नथूने फक्त एकदा चोच मारायची. कट. आणि पुन्हा शांतता.

“हा कट कसला?” नथूने विचारलं होतं.

“ऐकणाऱ्यांपैकी कुणी विचारलं तर सांगीन,” कोंडाजी म्हणाला.

“मी विचारतोय ना.”

“तू वाजवणारा आहेस. ऐकणाऱ्याने विचारायला हवं.”

सगळा अल्बम त्याने त्या एका कटसाठी रचला होता. तो कुणीतरी ऐकावा आणि विचारावं, एवढंच त्याला हवं होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तो कोतवालासमोर जीव तोडून गायला. शेवटचं गाणं संपलं आणि तो इतका दमला होता की तिथेच, खोडाला टेकून झोपला. “संपलं” म्हणायचं राहून गेलं.

कोतवाल प्रामाणिक होता. संपलं म्हणेपर्यंत तो ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी अल्बम प्राध्यापक वाघळे यांच्यासमोर गेला. वाघळे सर वटवाघूळ होते. त्यांचे कान फार मोठे. जे कुणालाच ऐकू येत नाही ते त्यांना ऐकू येई, म्हणून ते समीक्षक होते. ते वडाला उलटे लटकून ऐकत, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू आधी दिसे. त्यांनी मान हलवल्याशिवाय महोत्सवात कुणाला जागा मिळत नसे.

कोतवालाने ‘पोळं’ ऐकवलं. पहिलं गाणं. दुसरं. तिसरं. चौथं. कट.

सरांनी जांभई दिली.

“बरं आहे,” सर म्हणाले. “वैराग्यावर दिसतंय. अस्वल मोहावर विजय मिळवतं वगैरे. दुसरा भाग कुठे आहे?”

“सर, एवढंच आहे,” कोंडाजी म्हणाला. “गोष्ट संपली.”

“संपली? एका भागात? कोंडाजी, एका भागात फक्त पाळणे संपतात.”

“पण मला आणखी काही सांगायचंच नाही सर.”

“हा अडथळा नाही. रानडुकरांनाही काही सांगायचं नव्हतं.” सर कोतवालाकडे वळले. “आणखी काही आहे का रे तुझ्याकडे?”

“आहे,” कोतवाल म्हणाला आणि त्याने सुरू केलं.

घुर्रर्र. खॉक्. घुर्रर्र.

कोंडाजीने दोन्ही पंजांनी तोंड झाकलं. “सर, अहो, ते माझं घोरणं आहे.”

“श्श,” सर म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. घोरणं चालू राहिलं. कधी लांब, कधी आखूड. एकदा मध्येच श्वास अडकला आणि बऱ्याच वेळाने सुटला. तेव्हा सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. उलटे असल्यामुळे ते कपाळावर गेलं.

“इतका अनियमित ठेका मी आजवर ऐकला नव्हता,” सर म्हणाले. “पहिल्या भागात पोळं बाहेर आहे. इथे ते आत आहे. किंवा नाहीच आहे. याचं नाव ‘पोकळी’. ‘पोळं’ आणि ‘पोकळी’. काय जोडी आहे.”

“सर, मी झोपलो होतो.”

“कलावंताला आपण काय केलं ते कळत नसतंच. म्हणून तर आम्ही आहोत.”

बघता बघता सगळ्या जंगलात ‘पोकळी’ झाली. कोल्हे रात्री कोल्हेकुई करायचं सोडून श्वास अडकवायला लागले. माकडांनी छातीवर ‘खॉक्’ असं गोंदवून घेतलं. बिबट्या, जो एरवी कुणाशी बोलत नसे, तो शिकार सोडून पाणवठ्यावर सांगत बसला की दुसऱ्या घुर्रनंतर जी फट येते, तिच्यात त्याला त्याचं बालपण दिसतं.

कोंडाजी पाणवठ्यावर गेला की सगळे वाट करून देत. तो ज्याला त्याला विचारायचा, “पहिला ऐकलात का? त्यात चौथ्या गाण्यात एक...”

“पहिला पण छान आहे हो, कोंडाजीराव,” सांबर म्हणालं. “पण तो कळतो. आता जे कळतं ते पुन्हा कशाला ऐकायचं?”

एक दिवस कोतवालच कोंडाजीकडे आला. त्याचा चेहरा पडला होता.

“राग मानू नकोस,” तो म्हणाला. “‘पोकळी’ मी दिवसभर घोरतोय. घसा गेला माझा. पण ‘पोळं’ रेकॉर्डिंग झाल्यापासून एकदाही कुणी मागितलं नाही. अमावास्या जवळ आलीये.”

“मी मागतो ना.”

“स्वतःचं स्वतः मागितलेलं धरत नाहीत. नाहीतर रानडुकरांचं मी काय काय सांभाळलं असतं.”

‘पोळं’ गेलं म्हणजे तो कटही गेला. मग राहणार काय, तर घोरणं.

तो वाघळे सरांकडे गेला. महोत्सव अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी होता आणि त्यात सगळ्यांना ‘पोकळी’ प्रत्यक्ष ऐकायची होती.

“वाजवतो,” कोंडाजी म्हणाला. “पण आधी ‘पोळं’ पूर्ण वाजवणार.”

सरांनी जरा विचार केला. “प्रस्तावना म्हणून चालेल,” ते म्हणाले. “पण नंतर ‘पोकळी’ झालीच पाहिजे. लोक लांबून येणार आहेत.”

आता प्रश्न असा होता की सगळ्या जंगलासमोर झोपायचं कसं.

नथूने तालीम घ्यायचं ठरवलं. त्याने चार ससे गोळा केले आणि श्रोते म्हणून समोर बसवले. कोंडाजी आडवा झाला. त्याने डोळे मिटले. एक डोळा उघडला. ससे बघत होते.

“तुम्ही बघू नका रे,” कोंडाजी म्हणाला.

“आम्ही बघत नाही, काका. आम्ही अनुभवतोय.”

“नथू, मला नाही येत झोप.”

“मग खोटं घोर ना. कुणाला कळणार आहे?”

कोंडाजीने प्रयत्न केला. त्यातून निघालेला आवाज ऐकून एक ससा म्हणाला, “हे आधीच्यासारखं नाही वाटत. विकले गेले वाटतं.”

महोत्सवाचा दिवस आला. वडाखाली ही गर्दी. सगळ्यांना मोहाची फुलं वाटली होती आणि सगळ्यांनी पोटभर खाल्ली होती. पुढच्या रांगेत बिबट्या होता. त्याच्या शेजारी एकच जागा रिकामी होती, आणि गर्दीत ढकलली जात जात एक पिसोरी नेमकी तिथे येऊन बसली.

पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. फार लाजाळू. आपल्याला कुणी बघू नये म्हणून ती इतकी शांत बसते की कुणी बघतही नाही. महोत्सवाला ती पहिल्यांदाच आली होती. तिला कोणती जोडी आवडते हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही ठरवलं होतं की विचारलं तर पळून जायचं.

कोंडाजीने वेली छेडल्या. नथूने ठेका धरला, बदलला, पुन्हा बदलला. पहिल्या गाण्यात गोम नाचली. दुसऱ्या गाण्यात सांबराची मान खाली गेली. तिसरं गाणं फार लांब होतं. अस्वल पोळ्याकडे बघत राहतं, त्याचं ते गाणं. त्यात अस्वल खरोखरच बघत राहत असे. ते संपेपर्यंत माकडं एकमेकांवर कलंडली होती, कोल्हे पाय पसरून पडले होते आणि वडावर वाघळे सरांचे पंख अंगाभोवती घट्ट मिटले गेले होते.

“दुसरा भाग आला की उठवा,” एवढं म्हणून बिबट्यानेही पंजावर डोकं टेकलं.

आता सगळा महोत्सव झोपला होता. एक पिसोरी सोडून. ती टक्क जागी होती. बिबट्याच्या शेजारी बसल्यावर तिला झोप लागणार कशी? तिचे कान ताठ होते. डोळे मोठे झाले होते. कुठे पान हललं तरी तिला कळत होतं. उभ्या आयुष्यात कुणी कुठला अल्बम इतका लक्ष देऊन ऐकला नसेल.

चौथं गाणं आलं. सगळं थांबलं.

कट.

पिसोरी दचकली.

कोंडाजीने ते पाहिलं. पुढची गाणी तो तिच्याकडे बघून गायला. शेवटचं गाणं संपलं, अस्वल घरी गेलं, आणि शांतता झाली.

शांतता कसली? घुर्रर्र. खॉक्. घुर्रर्र. सगळं जंगल घोरत होतं. सांबर एका लयीत, कोल्हे दुसऱ्या, आणि वरून, बारीक आवाजात, वाघळे सर.

“‘पोकळी’ सुरू झाली,” नथू हळूच म्हणाला. “आपल्याला झोपायची गरजच नाही.”

कोंडाजी मंचावरून उतरून पिसोरीजवळ गेला. ती पळाली नाही. पळायला बिबट्याच्या शेपटीवरून जावं लागलं असतं.

“तुम्ही दचकलात,” कोंडाजी म्हणाला.

पिसोरीने आपल्या खुरांकडे पाहिलं. मग ती इतक्या हळू बोलली की कोंडाजीला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

“फांदी मोडली ना?”

“हो.”

“म्हणजे त्याने पोळं सोडून नाही दिलं. तो पडला.”

“हो,” कोंडाजी म्हणाला. “मीच तो. दिवसभर विचार करून चढलो होतो. सरळ सांगायची लाज वाटली.”

पिसोरीने एकदा बिबट्याकडे पाहिलं, मग कोंडाजीकडे.

“लागलं?”

रेकॉर्डिंग झाल्यापासून जंगलात सगळ्यांनी त्याला श्वासाबद्दल, पोकळीबद्दल आणि वैराग्याबद्दल विचारलं होतं.

“बसताना अजून दुखतं,” तो म्हणाला.

सकाळी सगळे जागे झाले. आपण झोपलो होतो हे कुणीच कबूल केलं नाही. वाघळे सर म्हणाले की ‘पोकळी’चा असा प्रयोग पुन्हा होणे नाही, कलावंत कोण आणि श्रोता कोण हेच कळेनासं झालं होतं. बिबट्याला त्याचं बालपण अगदी स्पष्ट दिसलं होतं. कोंडाजीला मानाची मोहाची माळ मिळाली. ती त्याने उभ्यानेच घेतली.

“तिसरा भाग कधी?” सरांनी विचारलं.

कोंडाजीचं लक्ष पलीकडच्या झुडपाकडे होतं. तिथे कोतवाल बसला होता आणि झुडपातून कुणीतरी, अगदी हळू आवाजात, ‘पोळं’ मागत होतं.

तात्पर्य, भाग पहिला : मुलांनो, संगीत मन लावून ऐकायचं असेल, तर शेजारी बिबट्या बसवून घ्यावा.

तात्पर्य, भाग दुसरा : घुर्रर्र. खॉक्. घुर्रर्र.