शेवटच्या डब्याचा कायदा

आमच्या वास्तुशांतीला सोसायटीतले साळवे काका आले ते खिशात टेप घेऊन. प्रसादाचा द्रोण बाजूला ठेवून त्यांनी आधी बाल्कनी मोजली आणि म्हणाले, "गार्ड बसू शकतो." पाहुण्यांना वाटलं, मनपाचे साहेब आले.

काका मालगाडीचे निवृत्त गार्ड. सारी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. निवृत्तीनंतर मुलीनं मोबाइलवर काय दाखवावं, तर अमेरिकेतले जुने कायदे. गार्डाचा डबा चोवीस फुटांपेक्षा आखूड नको, चाकं चार नकोत, आठ हवीत, असं तिथल्या काही राज्यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. काकांनी तो कागद छापून लॅमिनेट करून घेतला.

"आमच्या डब्याला चारच चाकं व्हती. इथल्या स्टेशनावरून चहा पिऊन निघालो की करमाड स्टेशनापर्यंत पोटात हिंदकळायचा."

तेव्हापासून कुठंही माणूस एकटा बसणार म्हटलं की काका टेप काढतात आणि म्हणतात, "एवढ्याशा जागेचं कलम दाखवा." एटीएमच्या पहारेकऱ्यालाही त्यांनी सोडलेलं नाही.

सोसायटीनं वॉचमन रफिकभाईंसाठी केबिन बांधायचं ठरवलं, चार बाय चार फूट. मी सेक्रेटरी. मीटिंगमध्ये काका कागद घेऊन उभे राहिले. "लांबी दोन फूट वाढवा."

"काका, एकच माणूस आहे. मावतोय की."

"मावणं अलग, बसणं अलग. चार फुटांत खताची पोती बी मावत्यात."

सगळे हसले, मीही हसलो. पण काका हटेनात. जागा नाही म्हटल्यावर त्यांनी त्या दोन फुटांसाठी गेटजवळची स्वतःच्या स्कूटरची जागा सोडली. मग ठराव पास झाला.

केबिन झाली. आता रोज दुपारी बघतो, तर वाढीव दोन फुटांत दुसरं स्टूल आणि त्यावर काका. एकदा चिडवलंच, "भांडलात कोणासाठी, वॉचमनसाठी की स्वतःसाठी?"

काका हसले नाहीत. "मनमाड ते परभणी, नोकरी एकट्यानं काढली. पुढं ड्रायव्हरला असिस्टंट असायचा. मागं मी. बोलायला माणूस नाय. त्या कागदात लांबी हाय, चाकं हायती. दोघं बसवा म्हणून कुठं लिहिलेलं नाय. लई धुंडलं मी."

मीटिंगमधल्या हसण्याची मला लाज वाटली. मी केबिनच्या दारातच उभा होतो. रफिकभाईंनी पाय आत ओढून घेतले.

"बैठो ना साब," ते मला म्हणाले, "जगा है."