मार्शल ठवकरांचं निलंबन

आमच्या ठवकर काकांच्या ओसरीवर चहा प्यायचा, तर हात वर केल्याशिवाय बोलता येत नाही. मध्येच तोंड उघडलंत, की काका कप खाली ठेवून गरजतात, “माननीय सदस्य, जाग्यावर बसा!” आपण बसलेलेच असतो, हा भाग वेगळा.

काका मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटचेच, पण नोकरी झाली भोपाळला, विधानसभेत मार्शल म्हणून. अध्यक्षांनी खूण केली, की गोंधळ घालणाऱ्या आमदाराला उचलून बाहेर न्यायचं, हे काम. “जाडा आमदार सोपा रायते,” ते सांगतात. “बारका लय वळवळ करते. अन् चष्मा पहिले काढून घ्याचा. फुटला तं आपलीच चौकशी लागते.” जन्मभर दुसऱ्याच्या तालावर नाचलेला हा माणूस रिटायर झाला आणि घरात स्वतःच अध्यक्ष झाला, मार्शलही झाला. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून एकदा त्यांनी काकूंना समज दिली. काकूंनी सभात्याग केला आणि सदन दिवसभर उपाशी राहिलं.

ओसरीवरच्या सदनात सदस्य दोनच: मी आणि बाबाराव मेश्राम. बाबाराव लालबर्रा भागात मास्तरकी करून निवृत्त झालेले, काकांचे शाळेपासूनचे दोस्त. रोज सकाळी सातला हजर.

मागच्या अधिवेशनात टीव्हीवर एक आमदार कागद फाडून अध्यक्षांसमोर नाचत होता. काका खुर्चीतून अर्धे उठले, “उचला त्याले! देख क्या रहे हो?”

“बोलूच देऊन नाही राह्यले, तं माणूस बोंबलनच ना!” म्हणत बाबारावांनी टेबलावर असा हात आपटला, की काकांचा चहा काकांच्याच लुंगीवर.

“तुम्ही निलंबित!” काका ओरडले.

“अन् उचलन कोण? तुमचे गुडघे?” बाबारावांनी चपला घातल्या आणि चालू लागले.

ते परत आलेच नाहीत. काका सकाळी सवयीनं तीन कप मांडायचे आणि एक आत नेऊन ठेवायचे. चेहरा पार उतरला होता. “फोन करा की,” मी म्हटलं.

“नियमात बसत नाही. त्यानं माफी मागाव, नाही तं सदनानं ठराव कराव.”

विसाव्या दिवशी काका कागद घेऊन माझ्या दारात उभे. “निलंबन रद्द कराचा ठराव हाय. हात वर कर.”

“दोघांत गणपूर्ती होते का?”

“हौ, होते. अध्यक्ष म्हणते तं होते.”

ठराव एकमतानं मंजूर करून आम्ही बाबारावांकडे निघालो. वाटेत काका थबकले. “जंगलपट्टीतला एक आमदार होता. आमच्या दवाखान्यात डॉक्टर काहून नाही, एवढंच इचारून राह्यलता. त्याचे पाय मी धरलते. बाहेर ठेवला तं मले म्हणे, भाऊ, तुमच्या घरी कोणी बिमार पडत नाही काय?” त्यांनी नाक शिंकरलं. “मास्तर बरोबर बोलला होता.”

बाबारावांनी दार उघडलं. काकांनी ठराव वाचायला घेतला, पण पहिल्याच ओळीला थांबले. कागद खिशात कोंबून ते म्हणाले, “मास्तर, तुमच्याबिगर करमत नाही मले.”

बाबारावांनी त्यांना खुर्ची दिली आणि वीस दिवसांचं साठलेलं बाहेर काढलं. पाऊण तास ते ओरडत होते, भिंतीवर हात आपटत होते. काका मान खाली घालून, डोळे पुसत ऐकत राहिले. बाबाराव दमून थांबले, तेव्हा काकांनी हळूच विचारलं, “बोला ना. अजून काही राह्यलं काय?”